चार तासांत बसणारा सिनेमा

"थांबवा मामा, थांबवा! चार नंबर वाजतंय!"

मी ओरडले आणि मामांनी रिमोट दाबला. पडद्यावरची नायिका पत्र उघडता उघडता तशीच राहिली, एक बोट लिफाफ्यात अडकलेलं.

"अहो, ऐन वेळेला!" दोन नंबरच्या बेडवरून कंडक्टरकाका करवादले.

"आधी मशीन, मग हिरोईन," म्हणेपर्यंत मामा चार नंबरपाशी पोचलेही होते. त्यांनी नळीवरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, बाईंचा कोपरात दुमडलेला हात अलगद सरळ केला आणि बटण दाबलं. मशीन गप्प झालं. "काही नाही बाई. हात वाकला होता तुमचा."

"पत्राची उत्सुकता हो," बाई म्हणाल्या. "तिनं उघडलं का?"

"निम्मं. तोंडावरून तरी घाबरलेली दिसतेय."

बाईंना दिसत नव्हतं. मधुमेहानं आधी डोळे नेले, मग मूत्रपिंडं. तीस वर्षं भूगोल शिकवलेली बाई आता आठवड्यातून तीनदा, मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी, सकाळी सात ते अकरा आमच्या हॉलमध्ये पडून असायची. एका नळीतून रक्त मशीनमध्ये जायचं, तिथे गाळलं जायचं आणि दुसऱ्या नळीतून परत यायचं. बाकीच्या सात बेडवरही तेच. डायलिसिस म्हणजे हेच, आणि दुसरं मूत्रपिंड मिळालं नाही तर ते जन्मभराचं असतं.

मी तेव्हा त्या हॉलमध्ये नवी नर्स होते. पहिल्याच आठवड्यात मला कळलं, की इथे हजेरी डॉक्टरांची लागते, पण हॉल चालतो मामांवर.

मामा म्हणजे आमचे टेक्निशियन. खरं तर दवाखान्यात मामा म्हणतात ते वॉर्डातल्या सेवकांना, आणि हे तर रीतसर शिकलेले. पण नोकरीच्या पहिल्या दिवशी कुणीतरी चुकून मामा म्हणून हाक मारली, ह्यांनी ओ दिली, आणि ती तेवीस वर्षं देत राहिले. ठेंगणे, टक्कल पडलेले, शर्टाच्या खिशात कायम तीन पेनं आणि एक मऊ फडकं.

ते फडकं डीव्हीडी पुसायचं.

पूर्वी हॉलच्या भिंतीवर पेशंटच्या समोरच घड्याळ होतं. चार तास माणसं त्या घड्याळाकडे बघत पडायची आणि तरीही दर पाच मिनिटांनी "किती वाजले?" विचारायची. एक दिवस मामांनी ते घड्याळ काढून पेशंटच्या डोक्यामागच्या भिंतीवर लावलं आणि रिकाम्या खिळ्याखाली स्वतःच्या घरचा टीव्ही आणून ठेवला. सोबत डीव्हीडी प्लेअर. मामी म्हणाल्या, "आता संध्याकाळी मी काय भिंतीशी गप्पा मारू?" त्यावर मामांनी त्यांना काय उत्तर दिलं ते कुणाला माहीत नाही, पण टीव्ही काही परत गेला नाही. घरी नंतर जुनाच दुसरा टीव्ही आणि प्लेअर आला.

पुढे त्यांच्या गल्लीतली सीडी भाड्यानं देणारी लायब्ररी बंद पडली, तेव्हा मालकानं सगळा माल गठ्ठ्यानं विकायला काढला. मामांनी सायकलवर तीन खेपा करून सहाशे चाळीस सिनेमे घरी आणले. त्यातले निवडक हॉलच्या स्टीलच्या कपाटात आले. प्रत्येक डबीवर मामांच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी असे. 'दोन तास बावीस. हसवणारा.' 'पावणेतीन तास. रडवणारा. बीपी बघून लावणे.' आणि काही डबींवर दोनच शब्द, 'पाणी फार.'

मी विचारलं, "पाणी फार म्हणजे?"

मामांनी आवाज उतरवला. "सिस्टर, ह्यांना दिवसाला किती पाणी मिळतं? जेमतेम चार पेले. त्यात औषधाचं आलं, चहाचं आलं. आणि पडद्यावर हिरो धबधब्याखाली तोंड उघडून उभा! एकदा लावला होता मी असा सिनेमा. एक आजोबा तोंड फिरवून रडले. त्या दिवसापासून आधी घरी बघितल्याशिवाय एकही सिनेमा मी इथे लावलेला नाही."

मेजवानीचे प्रसंगही ते असेच पटकन पुढे ढकलायचे. कंडक्टरकाका म्हणायचे, "मामा, गाडी स्टॉप सोडून पुढे आली बरं का!" मामा म्हणायचे, "रस्ता खराब होता."

पण मामांची खरी मेहनत होती ती बाईंसाठी. सिनेमात संवाद चालू असले की बाईंना अडचण नसे. पण जिथे कुणी बोलत नाही, नुसतं संगीत वाजतं, कुणीतरी कुणाकडे बघतं, तिथे बाई हरवायच्या. म्हणून मामा सुट्टीच्या दिवशी दुपारी प्रत्येक सिनेमा दोनदा लावायचे. एकदा डोळे उघडे ठेवून, एकदा मिटून. डोळे मिटल्यावर जिथे आपल्याला काही कळेनासं होतं, तिथे थांबवायचं, वेळ लिहायची आणि पुढे दोन ओळी लिहायच्या. त्या दोन ओळी मग हॉलमध्ये, बाईंच्या उशाशी वाकून, संगीत संपायच्या आत म्हणायच्या. 

बाई म्हणजे काही सोपी विद्यार्थिनी नव्हती.

"तो स्टेशनातून बाहेर आलाय. ऊन तोंडावर आहे. डोळ्यांवर हात धरलाय," मामा सांगत.

"सकाळ की संध्याकाळ?"

"मघाशी न्याहारी करत होते. सकाळच."

"म्हणजे स्टेशनचं दार पूर्वेला. बरं, पुढे."

पुढच्या वेळेपासून मामांच्या कागदावर दिशाही यायला लागल्या.

दोन वर्षं हे असं चाललं. मग एका मोठ्या देणगीदारानं दवाखान्याला नवे पडदे दिले. प्रत्येक बेडला एक, वहीएवढा, हलणाऱ्या दांडीवर बसवलेला. सोबत हेडफोन. सगळे सिनेमे इंटरनेटवरून आधीच उतरवून एका डब्यात भरलेले, हजारोंनी. मॅनेजरसाहेबांनी स्वतः येऊन दाखवलं. "बोट लावा, आणि जो हवा तो सिनेमा. आता ह्या चकत्यांचा पसारा नको. धूळ, जंतू... काय मामा?"

"छानच आहे साहेब," मामा म्हणाले. मनापासून म्हणाले. त्याच दिवशी त्यांनी टीव्ही उतरवला, प्लेअर फडक्यात गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर ठेवला आणि कुणाला पडदा किती उंच हवा ते आठही बेडवर जाऊन लावून दिलं.

सगळ्यात खूश झाली ती सात नंबरवरची मुलगी. एकोणीस-वीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी. मामा तिला 'कॉलेज' म्हणूनच हाक मारायचे. ती म्हणाली, "मामा, राग मानू नका हं. पण दीड वर्ष मी तुमच्या आवडीचे सिनेमे बघतेय. इथे काय खायचं ते डॉक्टर ठरवतात, किती प्यायचं ते डॉक्टर ठरवतात. निदान बघायचं काय, ते तरी मी ठरवते."

"बरोबर आहे तुझं," मामा म्हणाले. "हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं." आणि तिचा हेडफोन स्पिरिटनं पुसून त्यांनी तिच्या हातात दिला.

हॉल शांत झाला. इतका, की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. आठ माणसं, आठ सिनेमे. एक जण हसायचा, आणि बाकीच्यांना का ते कळायचं नाही. मामांनी पहिले काही दिवस बाईंच्या पडद्याशी उभं राहून सांगायचा प्रयत्न केला, पण नवे सिनेमे त्यांनी पाहिलेले नसत, आणि दर दोन मिनिटांनी कुठलंतरी मशीन बोलवायचं. शेवटी बाईच म्हणाल्या, "मामा, राहू द्या. मी मशीनं ऐकत पडते. तीन नंबरचं मशीन जरा खोकतं, नाही?" त्यांनी हेडफोन काढून उशाशी ठेवला तो ठेवलाच.

तो हेडफोन त्यांनी काढला होता, म्हणून पुढचं निभावलं.

त्या शनिवारी मी पाच नंबरची पट्टी बदलत होते. मामा पाण्याच्या टाकीपाशी होते. कंडक्टरकाकांचं बीपी दहा मिनिटांपूर्वीच घेतलेलं, चांगलं होतं. काका हेडफोन लावून सिनेमा बघायचे तेव्हा स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे मोठमोठ्यानं बोलायचे. "अरे उतर! उतर खाली! मूर्ख आहे लेकाचा!" आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती, की ते आता आमच्या कानात शिरतच नव्हतं.

"मामा," बाईंचा आवाज आला. "कंडक्टर बोलत नाहीयेत."

"झोपले असतील," मी म्हणाले.

"नाही. मध्येच थांबलेत. 'उतर' म्हणाले नाहीत, 'उत' म्हणाले."

मामा धावले. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतरही धावताना कधी पाहिलं नाही. काकांची मान एका बाजूला कलली होती, कपाळावर घामाचे थेंब, आणि पडद्यावर माणसं नाचत होती. बीपी साठच्या खाली. मामांनी एका हातानं बेडचं डोकं खाली आणि पाय वर केले, दुसऱ्या हातानं सलाईन सोडलं. "काका! ए काका! डोळे उघडा. कुठला स्टॉप आला? सांगा, कुठला स्टॉप?" चार-पाच मिनिटं. मग काकांचे ओठ हलले.

"...डेपो," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाई धावत आल्या, तपासलं, आणि जाता जाता म्हणाल्या, "आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. कुणाच्या लक्षात आलं?" मामांनी चार नंबरकडे बोट दाखवलं. बाई छताकडे चेहरा करून, कान दोन नंबरकडे लावून पडल्या होत्या.

मला वाटलं, आता मामा म्हणणार, बघा, आपला एकच टीव्ही बरा होता. पण त्यांनी तसलं काही कधी म्हटलं नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी प्रत्येकापाशी जाऊन एवढंच सांगितलं, "एका कानावरचा हेडफोन मागे सरकवून ठेवायचा. एक कान सिनेमाला, एक कान शेजाऱ्याला." सगळ्यांनी ऐकलं. कॉलेजनंसुद्धा.

पडदे आले त्याला चार महिने झाले असतील. एका मंगळवारी कॉलेज एक सिनेमा बघत होती. समुद्रातल्या दीपगृहावर एक बाप आणि त्याची मुलगी राहतात, असा काहीतरी. तो निम्मा झाला आणि तिचे चार तास संपले. गुरुवारी ती आली तेव्हाच तिचा चेहरा उतरलेला होता. तिच्या भावाचं मूत्रपिंड तिला बसवायचं ठरत होतं, त्याच्या तपासण्यांचा निकाल आला होता. जुळत नव्हतं. तिनं हात पुढे केला, सुया टोचून घेतल्या आणि पडद्याला बोट लावलं.

'हा चित्रपट आता उपलब्ध नाही.'

तिनं पुन्हा बोट लावलं. पुन्हा तेच. मी मॅनेजरसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, कंपनीशी करार असतो, मुदत संपली की काही सिनेमे आपोआप पुसले जातात, त्याऐवजी दुसरे येतात, तिला सांगा दुसरा बघ.

"दुसरा नकोय मला!" ती एकदम मोठ्यानं रडायला लागली. "मी निम्मा बघितला होता. तो माझा होता. शेवट काय झाला ते तरी..." ती सिनेमासाठी रडत नव्हती हे हॉलमधल्या सगळ्यांना कळत होतं, पण कुणी तसं म्हणालं नाही.

मामा तिच्या पडद्यावरचं नाव वाचत उभे होते. मग कपाटाशी गेले, खालच्या फळीपुढे बसकण मारून शोधायला लागले, आणि शेवटी एक डबी घेऊन आले. "हाच का?"

तिनं डोळे पुसले. "हाच."

"माझ्याकडे सहा वर्षं आहे. लावला नाही कधी." त्यांनी डबी उलटी केली. चिठ्ठीवर दोनच शब्द होते.

"पाणी फार," मी वाचलं.

"कसलं पाणी?" चार नंबरवरून बाईंनी विचारलं.

"समुद्राचं, बाई. सगळा सिनेमाभर समुद्रच आहे."

"मग लावा की! समुद्राचं पाणी खारट असतं. त्यानं कुणाला तहान लागते?"

हॉलमध्ये कितीतरी दिवसांनी सगळे एकाच वेळी हसले. 

टीव्ही परत खिळ्याखाली आला. मामांनी खिशातलं फडकं काढून डीव्हीडी पुसली, मधल्या भोकापासून कडेपर्यंत सरळ, एकदाही गोल न फिरवता. सिनेमा पहिल्यापासून लावायचा ठरलं, कारण बाकीच्यांनी तो पाहिला नव्हता. "चालेल ना तुला?" मामांनी कॉलेजला विचारलं. ती नुसती मान हलवून हो म्हणाली. बाईंसाठीचे कागद ह्या सिनेमाचे तयार नव्हते, तरी मामा आठवेल तसं सांगत होते. मध्येच सहा नंबरचं मशीन वाजलं. मामांनी रिमोट उचलला.

"थांबवू नका," कॉलेज म्हणाली. "मी सांगते." आणि तिनं सात नंबरवरून चार नंबरला ऐकू जाईल असं सांगायला सुरुवात केली. "बाई, ती जिना चढतेय. गोल जिना आहे. हातात कंदील. खाली समुद्र दिसतोय, पश्चिमेला. सूर्य बुडत आलाय."

"शाबास," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून हॉलचा नेम ठरला. मंगळवार आणि शनिवार ज्याचा त्याचा पडदा. गुरुवार मामांच्या कपाटाचा. मॅनेजरसाहेब एकदा बघून गेले, चकत्यांवर धूळ आहे का म्हणून बोट फिरवून बघितलं, बोट स्वच्छ निघालं.

त्या हिवाळ्यात बाई थकत गेल्या. चालत यायच्या त्या व्हीलचेअरवरून यायला लागल्या. त्यांची धाकटी बहीण सोबत असे. एका गुरुवारी जाताना बाई म्हणाल्या, "मामा, पुढच्या वेळी एखादा प्रवासाचा लावा. खूप गावं असलेला."

"आहे एक," मामा म्हणाले. "पण त्यात बोलणं कमी आहे. मला तयारी करावी लागेल."

त्यांनी तयारी केली. मला नंतर मामींकडून कळलं, की त्या आठवड्यात त्यांनी तो सिनेमा चार वेळा बघितला, आणि एक नकाशा पुढ्यात घेऊन बसले होते.

बाई मंगळवारी ठरलेल्या वेळी उपचारासाठी आल्या, ते शेवटचं. बुधवारी सकाळी, घरीच, बहीण चहा आणायला आत गेली तेवढ्यात गेल्या. 

मला फोन आला होता. गुरुवारी साडेसहाला मामा आले तेव्हा मी दारातच उभी होते. त्यांच्या हातात डबी होती, आणि तिच्यात न मावणारे, घडी घातलेले चार कागद. मी सांगितलं. ते ऐकत असताना खाली फरशीकडे बघत होते.

"बरं," ते म्हणाले. "बहिणीला कुणी भेटून आलं का?"

"मी जाणार आहे दुपारी."

"मीपण येतो."

आमच्याकडे बेड रिकामा राहत नाही. यादी मोठी असते, आणि थांबलेल्या माणसांना थांबणं परवडणारं नसतं. सात वाजता चार नंबरवर नवा पेशंट आला. साठीचा, उंच, राकट माणूस, उभा जन्म ट्रक चालवलेला. मामांनी त्याचं मशीन स्वतः लावलं, नेहमीच्याच निगुतीनं. सुई बघून त्या एवढ्या मोठ्या माणसानं तोंड दुसरीकडे फिरवलं.

"सिनेमे आवडतात?" मामांनी चिकटपट्टी लावता लावता विचारलं.

"बघितलेत कधी, तर आवडणार? सगळा जन्म गाडीवर गेला. थिएटरसमोर ट्रक लावून झोपलोय, तेवढंच."

"मग मजा आहे तुमची," मामा म्हणाले. "तुम्हाला सगळेच नवे."

त्यांनी तोच सिनेमा लावला. कागद खिशात ठेवून दिले. गावामागून गावं येत होती. कच्चे रस्ते, पूल, धुक्यातली वळणं, आणि बराच वेळ कुणीच काही बोलत नव्हतं, नुसतं संगीत. मी बीपी घेत घेत दोन नंबरवरून तीन नंबरवर आले. समोर मामा चार नंबरच्या उशाशी उभे होते. ते थोडेसे वाकले. काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

ड्रायव्हरचे डोळे पडद्याला चिकटले होते. "हा घाट अवघड दिसतोय," तो स्वतःशीच म्हणाला.

मामांनी त्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि ते पुढच्या मशीनकडे गेले.